भिजलेला मका जनावरांना घालण्याआधी हे वाचा

कणीसवाला (धागाकर्ता)

आमचा मका दसऱ्याच्या सुमारास खुडून झाला. बिट्या, म्हणजे कणसं, खळ्यावर ओतल्या आणि तिसऱ्या दिवशी परतीच्या पावसानं गाठलं. ताडपत्री होती, पण पाणी ढिगाच्या खालून शिरलं. चार दिवसांनी उघडीप मिळाली. ताडपत्री उचलली तर ढिगातून वाफ निघाली आणि आत हात घातला तर कोमट लागलं. तळातल्या बिट्या हातात घेतल्या. टोकाकडच्या दाण्यांवर, जिथं अळीनं खाल्लं होतं तिथं, हिरवट-पिवळी पूड. बोटाला लागत होती. वरच्या थरातल्या बिट्या मात्र सोन्यासारख्या.

अण्णा म्हणाले, "चांगला निवडून मार्केटला नेऊ, खराब भरडून म्हशींना घालू." आमच्या वैजापूर-येवला पट्ट्यात घरोघर हेच चालतं. मीही आजवर तेच केलं. यंदा हात थांबला, कारण मागच्या वर्षभरात या विषयावर बरंच वाचलं. ते इथं मांडतो.

ती हिरवट-पिवळी बुरशी बहुतेक वेळा ॲस्परजिलस फ्लेव्हस असते. ॲस्परजिलसचा 'अ', फ्लेव्हसचा 'फ्ला' आणि पुढं टॉक्सिन, म्हणजे विष. असा अफ्लाटॉक्सिन शब्द तयार झाला. हे विष जगाला कळलं १९६० साली, इंग्लंडमध्ये. तिथं एक लाखाच्या आसपास टर्कीची पिल्लं पटापट मेली. कारण कळेना म्हणून रोगाला नुसतं 'एक्स' म्हणत होते. शेवटी माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा.

पण मला झोप लागू दिली नाही ती आपल्या शेजारची गोष्ट. १९७४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यांत दीडशेहून जास्त गावांत लोकांना कावीळ होऊ लागली. पाठोपाठ पोटात पाणी व्हायचं. बहुतेक भिल्ल कुटुंबं, रोजचं अन्न मका. त्या वर्षी मका काढणीला आला असताना अवकाळी पाऊस झाला होता. कणसं भिजली, ओलीच साठवली गेली आणि घरात दुसरं धान्य नव्हतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला. ३९७ जण आजारी पडले होते, त्यातले १०६ दगावले. घरातलं उष्टं खाणाऱ्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला होता. ज्या घरात माणूस आजारी, त्याच घरातलं कुत्रंही. संसर्गाची साथ अशी नसते. साथीचं कारण ताटात होतं.

त्या घरांतल्या मक्यात किलोमागं ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडलं. आज आपल्याकडं एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, धान्यासाठीची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. मिलिग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोग्रॅम. हिशेब केला तर तो मका आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजार पट विषारी होता. लोक तो खात राहिले, कारण नाही खाल्ला तर उपास होता.

पाऊस काही आपल्या हातात नाही. हातात आहेत ते खुडणीनंतरचे आठ-दहा दिवस. खुडताना दाण्यात वीस-पंचवीस टक्के ओलावा असतो. पोत्यात भरताना तो तेरा-चौदाच्या आत हवा. मधल्या दिवसांत ढीग तापला की बुरशीला हवं ते सगळं मिळतं. तिला पंचवीस ते पस्तीस अंशांची ऊब आवडते, म्हणजे नेमका आपला ऑक्टोबर. शिवाय ती साठवणीतच येते असंही नाही. दाणे भरताना पाण्याचा ताण पडला, कडक ऊन झालं किंवा अळीनं कणसाचं टोक फोडलं की ती शेतातच आत शिरते. २०१८ पासून लष्करी अळी आल्यावर टोकं फुटलेली कणसं किती वाढली ते मक्यावाल्यांनी सांगावं.

तर तुमच्याकडं मका कसा वाळवता? आणि खराब निघालेल्याचं काय करता? खरं खरं लिहा.

धडगावची_बाई

खूप आवश्यक धागा. मी सातपुड्यात शाळेवर आहे, बारा वर्षं झाली. इकडच्या पाड्यांवर मक्याची आणि ज्वारीची भाकरी हेच जेवण. बांसवाड्याचं वाचून पोटात गोळा आला, कारण ती माणसं आणि ही माणसं वेगळी नाहीत.

इथली जुनी पद्धत सांगते. कणसाची सालं मागं वळवून दोन-दोन कणसं एकमेकांना बांधतात आणि चुलीच्या वरच्या आड्याला टांगतात. रोज दोन वेळचा धूर आणि ऊब लागते. कणसं काळपट होतात, पण दाणा दगडासारखा वाळतो आणि त्याला कीडही लागत नाही. बियाणं तर हमखास असंच ठेवतात.

आता घरकुलं झाली, वर स्लॅब आला, आडं गेलं. मका प्लॅस्टिकच्या गोणीत कोपऱ्यात उभा असतो, फरशीला टेकून. मागच्या वर्षी एका मुलीच्या घरी गेले होते. गोणीचा तळ ओला होता, वास कुबट. आई म्हणाली, "वरचा चांगला आहे, खालचा नंतर दळू." आमच्या शाळेत हात कसे धुवायचे याचा तक्ता आहे, धान्य कसं ठेवायचं याचा नाही. मी तो करणार आहे. इथल्या जाणकारांनी चित्रांसाठी मुद्दे सुचवावेत.

जुनं_ते_सोनं

माहिती चांगली आहे, पण थोडी भीती जास्त वाटते. आमच्या आजोबांनी आयुष्यभर पेवातलं धान्य खाल्लं. वर बुरा आलेला झटकायचा आणि दळायचं. नव्वदीपर्यंत जगले. बुरशी काय आज आली का? हे सगळं परदेशी निकष लावून शेतकऱ्याचा माल पाडायचं कारस्थान तर नाही ना?

पोटविकार_डॉ

@जुनं_ते_सोनं, तुमच्या आजोबांबद्दल आदर ठेवूनच लिहितो. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

या विषाचे दोन मार्ग आहेत. एकदम खूप पोटात गेलं तर काही दिवसांत यकृत निकामी होतं. बांसवाड्यात ते झालं आणि २००४ साली केनियातही. तिथं ३१७ जण आजारी झाले आणि १२५ गेले, कारण तोच ओला, घरात साठवलेला मका. हा मार्ग दिसतो, त्याची बातमी होते.

दुसरा मार्ग दिसत नाही. रोज थोडं थोडं पोटात जातं. यकृत त्याचं रूपांतर करतं आणि त्यातून तयार होणारा पदार्थ पेशीतल्या डीएनएला जाऊन चिकटतो. वीस-तीस वर्षांनी यकृताचा कर्करोग होतो, तेव्हा माणूस दारू पीत नव्हता तरी असं कसं, असं घरचे विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अफ्लाटॉक्सिन पहिल्या गटात टाकलं आहे, म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेलं. ज्याच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे त्याच्यावर तर त्याचा जोर सुमारे तीसपट असतो. म्हणून बाळाला हिपॅटायटिस बीची लस वेळेवर देणं हासुद्धा या विषावरचाच एक उपाय आहे.

प्रत्येकाला होईल असं नाही. तुमच्या आजोबांना झालं नाही. पण त्या काळात गावात 'कावीळ पोटात गेली', 'जलोदर झाला' म्हणून गेलेली माणसं आठवून बघा. त्यांचं कारण कुणी तपासलं होतं?

जुनं_ते_सोनं

आमचे मोठे काका जलोदरानंच गेले. त्यामागं हेच असेल असं म्हणत नाही, पण तुमचा मुद्दा पोचला. कारस्थान हा शब्द मागं घेतो.

मेथांबा

मी पुण्यात राहते, शेती नाही. बाळबोध प्रश्न विचारते. धुऊन, भाजून, दळून, भाकरी भाजून हे विष जात नाही का? तव्यावर एवढी आच असते.

नमुना_क्रमांक_७

@मेथांबा, बाळबोध मुळीच नाही, सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो.

शुद्ध अफ्लाटॉक्सिन अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तुटायला लागतं. भाकरीचा पापुद्रा कितीही करपला तरी आतला भाग शंभराच्या आसपासच राहतो, कारण त्यात पाणी असतं. कुकरमध्येही तीच गत. बुरशी मरते, विष राहतं. म्हणून 'उकळलं की सगळं मरतं' हे इथं लागू नाही. धुतल्यानं वरची पूड जाते, दाण्यात मुरलेलं जात नाही. आणि दळल्यावर तर निवडायची संधीच संपते, पाच खराब दाणे पाच किलो पिठात मिसळतात.

उपयोग होतो तो निवडण्याचा. विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं. शंभरातले अठ्ठ्याण्णव दाणे स्वच्छ असतात आणि दोन दाण्यांत सगळा साठा असतो. त्यामुळं फुटका, सुरकुतलेला, रंग बदललेला, टोचलेला दाणा काढून टाकला तर विषाचा मोठा वाटा खरोखर कमी होतो. आजी सुपात पाखडून, परातीत पसरून निवडायची, ते याचसाठी कामाचं होतं.

पण याच कारणानं नमुना घेणं अवघड आहे. पोत्याच्या तोंडातून मूठभर दाणे घेऊन कुणी 'रिपोर्ट क्लीन' आणला तर त्यावर विसंबू नका. आम्ही अनेक पोत्यांतून, वरून-मधून-तळातून, काही किलो माल घेतो, सगळा एकत्र दळतो आणि मग त्यातला थोडा भाग तपासतो.

पहिल्यांदा मी हे विष डोळ्यांनी पाहिलं तो दिवस लक्षात आहे. काचेच्या पट्टीवर अर्काचे ठिपके चढवले होते. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावला आणि एक ठिपका निळा झगमगला. या विषाचे प्रकार असेच ओळखतात: निळं चमकतं ते बी, हिरवं चमकतं ते जी, इंग्रजी रंगांच्या पहिल्या अक्षरांवरून. बी-१ सगळ्यात घातक. तो ठिपका ज्या पिठाचा होता ते दिसायला, वासाला अगदी घरच्यासारखं होतं. तेव्हापासून 'दिसायला चांगलं आहे' या वाक्यावर माझा विश्वास राहिला नाही.

मेथांबा

धन्यवाद. आता शेंगदाणे निवडताना खवट, काळपट दाणा कुटात ढकलणार नाही. आजवर ढकलत होते, कुटात काय कळतंय म्हणून.

गोठ्यावरून

कणीसवाले भाऊ, तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो. म्हशींना घालायचं का. माझ्या सात गाई आहेत, दूध संकलन केंद्राला जातं. दोन वर्षांपूर्वी माझ्यावर बेतलं म्हणून लिहितो.

पावसाळ्यात सरकी पेंडीची पोती भिंतीला लागून होती. दोन पोत्यांना आतून गाठी झाल्या, फोडल्यावर निळसर धूळ उडाली. नुकसान नको म्हणून उन्हात घालून तीच खाऊ घातली. गाईंना काही झालं नाही, खाणं थोडं मंदावलं एवढंच. मग केंद्रावरून निरोप आला, तुमच्या दुधात एम-१ (अफ्लाटॉक्सिनचाच दुधातला प्रकार) लागलं, दूध परत.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. गाय बी-१ खाते, तिचं यकृत त्याचं एम-१ करतं आणि ते दुधात उतरतं. खाल्ल्यापासून दिवसभरातच दुधात दिसायला लागतं. खाल्लेल्याच्या शंभरातले एक-दोन भाग येतात, जास्त दूध देणारी असेल तर आणखी. ती पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दूध साफ होतं, आणि माझं झालंही. पण ते चार दिवस काढणं सोपं नव्हतं.

तापवून जात नाही. दही, पनीर करून जात नाही. उलट पनीरमध्ये जास्त साठतं, कारण ते दुधातल्या केसिन या प्रथिनाला धरून बसतं.

एफएसएसएआयनं २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले होते. त्यातल्या ३६८ मध्ये, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम-१ मर्यादेच्या वर होतं. सगळीकडं बोलबाला असतो तो युरिया आणि पावडरच्या भेसळीचा. त्या पाहणीत खरी काळजीची गोष्ट ही निघाली, आणि ती भेसळ नव्हती, चाऱ्यातून आली होती. आपली मर्यादा लिटरमागं अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास बसते. युरोपात याच्या दहावा हिस्सा.

आपल्या घरातली पोरं तेच दूध पितात. खराब मका म्हशीला घातला की तो दोन दिवसांत आपल्याच पेल्यात येतो. माझं ऐकाल तर घालू नका.

कणीसवाला

@गोठ्यावरून, हे मी अण्णांना वाचून दाखवलं. आमच्या घरात दीड वर्षाची पुतणी आहे. ते काही बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले.

अंडीवाले

कोंबड्यांचंही लिहितो. देशातल्या मक्याचा मोठा वाटा पोल्ट्रीत जातो, त्यामुळं आमच्या धंद्यात हा शब्द रोजचा. पिल्लांची वाढ खुंटते, अंडी घटतात, मेलेली कोंबडी फाडली तर यकृत फिकट आणि ठिसूळ दिसतं. लस लागू पडत नाही ते वेगळंच. आम्ही खाद्यात टॉक्सिन बाइंडर मिसळतो, म्हणजे विशिष्ट चिकणमाती वगैरे, जी विषाला आतड्यात धरून ठेवते. पण बाइंडर आहे म्हणून खराब मका चालतो, असं समजणाऱ्यांचे शेड बसलेले पाहिलेत.

नवीन काळजी डीडीजीएसची. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो स्वस्त प्रथिन म्हणून खाद्यात येतो. आता मक्याचं इथेनॉल वाढलंय तसा हा मालही वाढला. पिष्ट निघून जातं, विष तिथंच राहतं. त्यामुळं मूळ मक्यात जेवढं असेल त्याच्या साधारण तिप्पट चोथ्यात. प्रत्येक गाडी तपासल्याशिवाय उतरवू नका, एवढंच.

चाळीतला_कांदा

ढीगभर मालाच्या वाळवणीबद्दल कुणीच लिहिलं नाही, मी लिहितो. निफाडकडचा आहे. ऑक्टोबरात आमची कांदाचाळ रिकामी असते. खालून-बाजूंनी फटी, वारा आरपार, वर पत्रा. बिट्या तिथं दोन-अडीच फुटांच्या थरात ओततो. सालं काढून. पाऊस आला तरी भीती नाही. पंधरा-वीस दिवसांत दाणा खडखडीत. मग मळणी. आधी मळणी करून ओला दाणा पसरण्यापेक्षा हे फार सोपं, कारण बिटीच्या फटींतून हवा खेळते. मळणी यंत्रात ओला दाणा फुटतो आणि फुटका दाणा म्हणजे बुरशीला उघडं दार.

चाळ नसेल तर खाली जमिनीला ताडपत्री नको, आधी लाकडी फळ्या किंवा पराट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) थर, त्यावर ताडपत्री. तुमच्या ढिगाला पाणी खालून आलं ते याचमुळं. दुपारी उलथापालथ करायची, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायचं, सकाळी ऊन चढल्यावरच उघडायचं. आणि अळीनं फोडलेल्या बिट्या खुडतानाच वेगळ्या टाका, ढिगात जाऊच देऊ नका.

ओलावा मोजायचा तर आडत्याकडचं मीटर आहेच, पण ते त्याच्या हातात. घरी मिठाची बाटली करा. काचेची कोरडी बाटली, एक तृतीयांश दाणे, वर दोन-तीन चमचे कोरडं बारीक मीठ. मीठ आधी तव्यावर गरम करून गार करा, पावसाळी हवेत ते ओलंच असतं. मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा पंधराच्या वर. चिकटलं नाही तर पंधराच्या खाली आलात, पण लगेच गोणी शिवू नका, अजून दोन-तीन उन्हं द्या.

धडगावची_बाई

मिठाची बाटली! हे तर मुलंही वर्गात करून बघतील. तक्त्यातलं पहिलं चित्र हेच. @चाळीतला_कांदा, मनापासून आभार.

पोटविकार_डॉ

बाई, तक्त्यात एक वाक्य मोठ्या अक्षरात हवं: कुबट वासाचं धान्य भुकेलेल्या घरातही शिजवू नका, त्याऐवजी शाळेत येऊन सांगा. आणि मग त्या घराला दुसरं धान्य मिळेल याची व्यवस्था गावानं करायला हवी. रेशनच्या गोणीचा दिवस आणि त्या घरातला मका संपायचा दिवस यांत अंतर पडतं, तेव्हाच तळातला मका दळला जातो.

रानातून

खराब मका फेकायचा म्हणता, पण कुठं? उकिरड्यावर टाकला तर कोंबड्या उकरतात, नाल्यात टाकला तर शेळ्या खातात.

नमुना_क्रमांक_७

@रानातून, खोल खड्डा, वर दोन फूट माती. हाताळताना तोंडाला फडकं बांधा, ती पूड फुप्फुसात जायला नको. आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

कणीसवाला

सगळ्यांच्या सूचनांनंतर काय केलं ते कळवतो. तळातल्या बिट्या, अंदाजे तीन क्विंटल, बांधाच्या कडेला खड्डा घेऊन पुरल्या. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये होता, तो धरला तर सात हजारांच्या वर मातीत गेले, आणि ते मनाला लागलंच. खड्डा अण्णांनी स्वतः बुजवला. मधल्या थरातल्या बिट्या एकेक हातात घेऊन निवडल्या, आई आणि वहिनी दोन दिवस बसल्या होत्या. शेजाऱ्यांची चाळ रिकामी होती, ती मागून घेतली आणि चांगला माल तिथं ओतला आहे.

आज सकाळी पहिली बाटली हलवली. मीठ अजून काचेला चिकटतंय. परवा पुन्हा बघतो.